तीस टनांचा गेंडा आणि न सापडलेलं शिंग

‘बलुचिस्तानात सापडलेला ३० टनांचा राक्षसी गेंडा डायनोसॉरच्या काळातला होता. तोच आजच्या गेंड्यांचा पूर्वज. शिंग कुजून गेलं म्हणून सापडत नाही. जमिनीवरचा सर्वात मोठा सस्तन प्राणी, निर्विवाद!’ हा मजकूर गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर फिरतोय. प्राणी खरा आहे, नाव पॅरासेराथेरियम. त्याच्याविषयी लिहिलेलं मात्र बहुतेक चुकीचं आहे, आणि इतक्या देखण्या प्राण्याबाबत हे मला खुपतं.

काळाचं आधी उरकतो. डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, हा ३.४ ते २.३ कोटी वर्षांपूर्वीचा. पूर्वजही नव्हे, गेंड्यांचं हे चुलत घराणं, आणि त्याचा वंश खुंटला.

शिंगाचा मुद्दा पटकन पटतो. शिंग केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांसारखंच, त्यामुळे ते सहसा टिकत नाही हे खरंच. पण शिंग जिथे रुजतं तिथलं हाड जाड आणि खडबडीत होतं. गेंड्याच्या कवटीवर ही खूण बोटांना लागते. पॅरासेराथेरियमच्या नाकाची हाडं बारीक आहेत, तशी खूण त्यांवर नाही. उलट नाकाची खाच खोल आहे. त्यावरून पाला ओढायला लांब, लवचिक ओठ किंवा आखूड सोंड असावी, असं मानतात.

आता ३० टन. या प्राण्याचा पूर्ण सांगाडा आजवर मिळालेला नाही. १९३६ मध्ये ग्रेंजर आणि ग्रेगरी या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञांनी लहानमोठ्या प्राण्यांची हाडं एका मापात बसवून चित्र उभं केलं, त्यात खांद्याची उंची सव्वापाच मीटरच्या घरात गेली. १९९३ मध्ये फोर्टेलियस आणि कॅपेलमन या संशोधकांनी मापं पुन्हा तपासली, तेव्हा वजन सरासरी ११ टनांच्या आसपास आलं, फार तर १५ ते २० टन. अकरा टन म्हणजे आफ्रिकेतले दोन मोठे हत्ती!

‘निर्विवाद’ हा शब्दही टिकत नाही. पॅलिओलोक्सोडॉन नमाडिकस या नामशेष हत्तीचं वजन २०१६ च्या एका अभ्यासात २२ टनांपर्यंत मांडलं गेलं. तोही अंदाज मांडीच्या हाडाच्या तुकड्यावरचा, म्हणून मी त्यालाही विजेता म्हणणार नाही. गंमत म्हणजे, १९०८ मध्ये बलुचिस्तानातल्या डेरा बुग्तीच्या या बिनशिंगी प्राण्याचं पहिलं वर्णन करणारे भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम यांनी त्याआधी, १९०५ मध्ये, त्याच हत्तीच्या अवशेषांवर लिहिलं होतं. हे अवशेष आपल्या गोदावरीच्या गाळात मिळाले होते.