'त्या लोकांनी' म्हणणाऱ्यांसाठी

आज २९ ऑगस्ट. आमच्या ह्यूस्टनच्या मराठी ग्रुपवर सकाळी सकाळी एकाने कॅटरिना वादळाचे जुने फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'त्या लोकांनी कशी लुटालूट केली होती, आठवतंय ना?' 'ते लोक' म्हणजे न्यू ऑर्लिन्सचे कृष्णवर्णीय. त्यावर धडाधड अंगठे. डोकं सणकलंय माझं.

मला काय आठवतंय ते सांगते. २००५ ला न्यू ऑर्लिन्सचे बंधारे फुटले, जवळपास ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं आणि हजारो माणसं बसमध्ये भरून आमच्या ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये आणली. आम्ही काही जणी तिथे जेवण वाढायला जायचो. तिथे एक कृष्णवर्णीय आजी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. हातावर बॉलपेनने लिहिलेला लेकीचा फोन नंबर, त्यातले शेवटचे आकडे पुसट झालेले. येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे हात धरून विचारायच्या, 'बघ गं, हा तीन आहे की आठ?' ताटातलं अन्न तसंच.

ह्या आजी लुटारू?

शहर सोडा असा सक्तीचा हुकूम निघाला तो वादळाच्या आदल्या दिवशी. गाड्या होत्या ते निघून गेले. आजींकडे गाडी नव्हती. मग तिथल्या सुपरडोम स्टेडियममध्ये उकाडा, तुंबलेले संडास आणि आज येतील उद्या येतील म्हणून बसची वाट बघणं.

त्याच सप्टेंबरात प्यू ह्या पाहणी करणाऱ्या संस्थेने अमेरिकेतल्या लोकांना विचारलं होतं, अडकलेले बहुतेक गोरे असते तर सरकार लवकर धावलं असतं का? ६६ टक्के कृष्णवर्णीय म्हणाले, हो. ७७ टक्के गोरे म्हणाले, काही फरक पडला नसता. टीव्हीवर चित्रं तीच, पण एकाला तिथे टाकून दिलेला आपला माणूस दिसत होता, दुसऱ्याला फुटलेलं दुकान. रॅपर कान्ये वेस्ट टीव्हीवर बोलला की राष्ट्राध्यक्ष बुशना काळ्या माणसांची पर्वा नाही, तेव्हा माझ्या ऑफिसात त्याच्या उद्धटपणावरच चर्चा. आजींच्या शेजारच्या खाटेवरची बाई मला एवढंच म्हणाली, 'बोललं बाई कुणीतरी.'

हो, दुकानं फुटली. न्यू ऑर्लिन्सचा महापौर स्वतः कृष्णवर्णीय होता, शेजारच्या सेंट बर्नार्डमध्ये गोऱ्यांचीही घरं बुडाली. मान्य. पुढे?

मला राग गोऱ्यांचा नाही, आपला येतोय. महिनाभर आधीच, २६ जुलैला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आपण इथे रात्रभर फोनला चिकटून होतो. अनोळखी लोकांना चहा-बिस्किटं देणाऱ्या मुंबईकरांचं कौतुक करताना आपल्याला भरून येत होतं. मग न्यू ऑर्लिन्सच्या वेळी आपण लगेच गोऱ्यांच्या ओसरीवर कसे जाऊन बसलो? तिथे आपल्याला कायमची जागा मिळालीय असं वाटतं का कुणाला? ११ सप्टेंबरनंतर ह्याच देशात पगडी बघून शिखांवर हल्ले झाले, ते विसरलो?

आजींची लेक सापडली, डॅलसला होती. आकडा आठ निघाला. फोनवर आजी रडल्या नाहीत, आधी तिलाच रागावल्या, नीट लिहायला काय झालं होतं म्हणून.

ज्याने आज ते लिहिलं तो वाईट माणूस नाही. माझी आई इथे आजारी पडली तेव्हा अपरात्री गाडी घेऊन तोच धावत आला होता. म्हणून तर जास्त लागलं. दादा, वाचत असशील तर ती ओळ काढून टाक. आणि संध्याकाळी फोन कर, मला बोलायचंय.