‘एका तासाचं काम, पाच दिवस ठेवून घेतलं’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार.

तुमचा एक तारा दिलेला रिव्ह्यू वाचला. तुमच्या तक्रारी अशा: लॅपटॉप नुसता स्लो होता आणि तुम्ही फॉरमॅट मारून द्यायला सांगितलं होतं, ते न करता आम्ही पाच दिवस ठेवून घेतला, चालू असलेली बॅटरी काढली, पासवर्ड मागितला, एवढं करून काही फोटो उघडत नाहीतच, आणि तुम्ही चौकशीला आलात तेव्हा दुकानातली माणसं स्क्रीनकडे बघत बसली होती. कामाचा लॅपटॉप पाच दिवस हाताशी नसला की किती खोळंबा होतो याची आम्हाला कल्पना आहे. उत्तर जरा लांबलंय, कारण असाच स्लो लॅपटॉप घेऊन बरेच जण येतात आणि बहुतेकांना फॉरमॅटच हवा असतो. तुमच्या फाइलींत काय आहे याबद्दल इथे काही लिहिणार नाही. फक्त मशीनबद्दल लिहितो.

लॅपटॉप स्लो होण्याची कारणं अनेक असतात, पण टास्क मॅनेजर (कोणता भाग किती कामात आहे हे दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला की पहिल्या मिनिटातच निम्मं कळतं. तुमच्या मशीनमध्ये डिस्क सतत १०० टक्के दाखवत होती आणि वाचनाचा वेग सेकंदाला काहीशे केबी. डिस्क १०० टक्के आणि वेग ऐंशी-नव्वद एमबी असेल तर ती खरोखर काम करतेय, कोणतातरी प्रोग्राम तिला राबवतोय. १०० टक्के असूनही काहीच पुढे सरकत नसेल तर ती एकाच जागी अडकून पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय. सेक्टर (डिस्कवरचा माहिती साठवायचा छोटा कप्पा) वाचला गेला नाही की हार्ड डिस्क स्वतःच आत कित्येक सेकंद प्रयत्न करत राहते, आणि तोवर विंडोज थांबून राहतं. माउस फिरतो पण क्लिक लागत नाही, ते याच वेळी.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ७ आणि १५३ या क्रमांकांच्या नोंदी होत्या. ७ म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक सापडला. १५३ म्हणजे वाचन किंवा लेखन पुन्हा करावं लागलं. त्यानंतर स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहिले. आम्ही त्यातल्या चार ओळी आधी बघतो: ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर), सी६ (दुरुस्त न होणारे) आणि सी७ (केबलवरच्या चुका). सी७ एकटाच वाढत असेल तर दोष बहुतेक केबलचा किंवा कनेक्टरचा, डिस्कचा नाही. तुमच्याकडे सी७ शून्य होता आणि सी५, सी६ दोन्ही वाढलेले. हे आकडे दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये घरी बघणार असाल तर एक लक्षात ठेवा, तिथे रॉ (मूळ) आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत दिसतात. मेनूतून दशमान केलं नाही तर ६४ लिहिलेलं असतं आणि सेक्टर असतात १००.

आता फॉरमॅट. क्विक फॉरमॅट डिस्क तपासत नाही, फाइलींची नवी यादी तेवढी लिहितो. त्यावर विंडोज टाकलं की ते बऱ्याचदा चांगल्या सेक्टरवर बसतं आणि लॅपटॉप काही आठवडे पळतो. त्यातच, वाचता न आलेल्या सेक्टरवर नवीन काही लिहिलं गेलं की डिस्क तो सेक्टर राखीव साठ्यातल्या सेक्टरने बदलते किंवा चालला तर चालू ठेवते, म्हणून सी५ चा आकडाही खाली येतो. बघणाऱ्याला वाटतं डिस्क सुधारली. मूळ बिघाड जिथल्या तिथे असतो आणि जुना डेटा मात्र गेलेला असतो. एका तासात होतं ते हे काम. फुल फॉरमॅट तर विंडोज व्हिस्टापासून संपूर्ण पार्टिशनवर शून्य लिहितो. त्यानंतर परत मिळवायला काही उरत नाही. तुम्ही फॉरम भरताना ‘डेटा हवा आहे’ यावर खूण केली होती. ती खूण असताना आणि सी५ वाढलेला असताना आम्ही फॉरमॅट मारत नाही, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी नाही.

चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम, तोही चालवला नाही, त्याचंही कारण सांगतो. ‘/आर’ लावून चेकडिस्क चालवला की तो प्रत्येक सेक्टर वाचतो आणि वाचत असतानाच त्याच डिस्कवर दुरुस्त्या लिहितो. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर हे सगळ्यात वाईट. डिस्कवरून वाचणारं हेड दमतं, फोल्डरांची रचना बदलते आणि फाइलींचे तुकडे ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरात नावाशिवाय येऊन पडतात. अशा डिस्ककडे किती तास उरलेत ते कोणालाच माहीत नसतं. त्यामुळे ती चालू राहील तो प्रत्येक तास कॉपीवर खर्च व्हावा, तपासण्यांवर नाही, एवढा एकच नियम आम्ही पाळतो. पाच दिवसांतला बहुतेक वेळ त्यातच गेला.

कॉपी फाइल ओढून टाकून करत नाही. डिस्क लॅपटॉपमधून काढून आमच्या मशीनला थेट साटा पोर्टवर (डिस्क जोडायच्या बोर्डावरच्या जागेत) लावतो. यूएसबी केबलवर अडकलेली डिस्क मध्येच गायब होते आणि अडॅप्टर चुका नीट कळवतही नाही. मशीन लिनक्सवर चालू करतो, म्हणजे विंडोज आपणहून त्या डिस्कवर काही लिहायला जात नाही. मग बिघडलेल्या डिस्कची सेक्टर-सेक्टरने कॉपी काढणारा डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम. १ टीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. निरोगी ५४०० आरपीएम डिस्क हे सगळं तीन-चार तासांत वाचून देते. बिघडलेलीला आधी जे सहज येईल ते घ्यायचं: जिथे अडकेल तिथून उडी मारून पुढे जायचं, मग उलट्या दिशेने यायचं. अडचणीच्या जागांच्या कडा नंतर, आणि एकेक सेक्टर खरवडणं सगळ्यात शेवटी. काय आलं, काय राहिलं याची नोंद मॅपफाइलमध्ये होत राहते, त्यामुळे मध्ये डिस्क थंड करायला बंद केली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. मॅपफाइल दिली नाही तर सगळं पहिल्यापासून.

पहिल्या फेरीतच तुमच्या डिस्कचा बहुतेक भाग आला. नंतरचे दिवस उरलेल्या थोड्या भागासाठी गेले. शेवटच्या टप्प्यात एकेका सेक्टरवर कित्येक सेकंद जातात आणि हाती एका वेळी ५१२ बाइट येतात. तिथे घाई करून उपयोग नसतो. हा टप्पा सोडून दिला असता तर लॅपटॉप दोन दिवस आधी मिळाला असता आणि न उघडणारे फोटो आणखी जास्त असते.

आता ते फोटो. कॉपी झाल्यावर न वाचलेल्या जागा आम्ही एका खुणेच्या मजकुराने भरतो (मूळ कॉपीच्या दुसऱ्या प्रतीवर) आणि मग तो मजकूर कोणकोणत्या फाइलींत सापडतो ते शोधतो. त्यावरून खराब फाइलींची यादी तयार होते. तुमच्या नव्या एसएसडीवर (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी आलेल्या डिस्कवर) डेस्कटॉपवरच ‘अपूर्ण_फाइली’ नावाची टेक्स्ट फाइल ठेवली आहे, ती हीच. जेपेगमध्ये चित्राची माहिती एकापुढे एक साखळीने येते. मधला एक सेक्टर गेला की त्याच्या खालचा भाग करडा होतो किंवा रंग सरकतात, आणि सुरुवातीचाच सेक्टर गेला असेल तर फोटो उघडतच नाही. फोल्डरमध्ये छोटं चित्र दिसतं म्हणून फोटो शाबूत आहे असं धरू नका. ते छोटं चित्र विंडोजने वेगळीकडे साठवलेलं असतं. एक्सेलच्या नव्या फाइली झिप असतात, त्यात एखादा सेक्टर गेला तरी ‘फाइल खराब आहे’ येतं, पण एक्सेलचा ‘ओपन अँड रिपेअर’ बऱ्याचदा आकडे परत देतो. यादीतल्या एक्सेल फाइलींवर तो करून बघा, आधी प्रत काढून.

बॅटरी. ती दोन तास चालत होती हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण चालणं आणि फुगणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तळाचं झाकण काढायच्या आधीच टचपॅडची एक कड वर आलेली होती आणि डावी क्लिक लागत नव्हती. आतला इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन वायू तयार होतो आणि मऊ पाकिटातले सेल फुगतात; उष्णता आणि दिवसरात्र १०० टक्के चार्जवर ठेवणं यांनी ते लवकर होतं. फुगलेल्या सेलवर वरून टचपॅड आणि खालून झाकण दाबत असतं. अशी बॅटरी आम्ही परत आत बसवून देत नाही. मेटलचं टोकदार काही लावून ती उचकटायची नसते. आम्ही आधी कनेक्टर काढतो, मग प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच सोडवतो आणि झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवून ई-कचऱ्यात देतो. नवी बॅटरी लॅपटॉपच्या मॉडेलवरून न मागवता जुन्या बॅटरीच्या लेबलवरच्या पार्ट नंबरवरून मागवली, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळे कनेक्टर येतात. त्यात एक दिवस गेला, पण तेव्हा कॉपी चालूच होती.

पासवर्ड मागितला तो विंडोजमध्ये शिरण्याचा, मेलचा किंवा बँकेचा नाही. कॅमेरा, माइक, वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं आणि उघडल्यावर जागं होणं हे विंडोज चालू असतानाच तपासावं लागतं. तुम्ही द्यायला नकार दिलात, ते तुमच्या हक्कातलं होतं. म्हणून आम्ही लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून जेवढं तपासता आलं तेवढं तपासलं आणि उरलेलं पावतीवर ‘न तपासलेले’ असं लिहून दिलं. पासवर्ड सांगायचा नसेल तर लॅपटॉप देण्याआधी एक वेगळं साधं खातं तयार करून द्या, तेवढ्याने भागतं. तुमच्या डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लावलेलं विंडोजचं कुलूप, नव्हतं. ज्यांच्याकडे असतं त्यांच्याकडून आम्हाला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती नसेल तर कॉपी पूर्ण निघाली तरी आतलं काही वाचता येत नाही.

माणसं स्क्रीनकडे बघत होती हेही खरं आहे, कारण या कामाचा मोठा भाग तोच आहे. दुकान उघडलं की आधी रात्रभर चाललेल्या मशीनच्या नोंदी वाचायच्या: कुठली कॉपी किती पुढे गेली, रॅमच्या चाचणीत चूक आली का, कोणतं मशीन रात्री आपोआप बंद पडलं. मेमटेस्टमध्ये, म्हणजे रॅमच्या या चाचणीत, एक जरी चूक आली तरी रॅमची एकेक कांडी वेगवेगळ्या स्लॉटमध्ये घालून पुन्हा चालवावं लागतं, नाहीतर दोष कांडीचा की स्लॉटचा ते कळत नाही. अडकत असलेल्या डिस्कचा आवाज बदलला, टकटक सुरू झाली, तर त्याच क्षणी वीज काढावी लागते. हे लक्ष ठेवायला माणूस लागतो.

त्याच वेळात तुमच्या लॅपटॉपचा पंखाही साफ केला. धूळ पंख्याच्या पात्यांवर कमी आणि पंखा व तांब्याच्या जाळीच्या मध्ये जास्त बसते, गादीसारखा सलग थर. बाहेरून ब्लोअर मारला तर तो थर तिथेच राहतो. पंखा उघडून तो चिमट्याने काढला. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवली, कारण मोकळा पंखा जोरात फिरला की बेअरिंग खराब होतं आणि उलटी वीज बोर्डात जाऊ शकते. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या क्रमानेच सोडवले आणि बसवले, जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. आधी लोड दिला की प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ जाऊन वेग कमी करत होता. आता अर्ध्या तासाच्या लोडनंतरही तो त्याच्या बराच खाली राहतो. दोन्ही वेळचे आलेख पावतीसोबतच्या कागदावर आहेत.

तपासणीचे पैसे घेतले, ते ठेवून घेतानाच पावतीवर लिहिलेले होते आणि ते कमी करणार नाही. मात्र यादीतले काही फोटो तुमच्यासाठी खरंच महत्त्वाचे असतील तर मॅपफाइल आणि जुनी डिस्क घेऊन या. डिस्क अँटिस्टॅटिक पाकिटात घालून तुम्हाला परत दिलेली आहे. मॅपफाइलवरून त्या फोटोंचे नेमके किती सेक्टर राहिलेत ते सांगता येईल, आणि धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्या लॅबकडे पाठवण्यात अर्थ आहे का तेही. हे बघण्याचे वेगळे पैसे नाहीत. तोवर ती डिस्क केबल लावून ‘एकदा चालू करून बघूया’ म्हणून चालू करू नका. लॅबला मिळण्यासारखं जे काही उरलंय, ते दर वेळी वीज दिली की कमी होत जाईल.