पावती फाडा, पण जागा दाखवा

कर चुकवणारे इंदुरात पुष्कळ सापडतील. कर भरायला मिळावा म्हणून सरकारी खिडक्यांपुढे हात जोडत फिरणारा बहुधा मी एकटाच.

माझ्याकडे डर्ट बाइक आहे, म्हणजे माती-खड्ड्यांत उडवायची मोटरसायकल. तिला हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, हॉर्न नाही आणि नंबर प्लेट ठोकायला जागाही नाही. ती रस्त्यासाठी बनलेलीच नाही, म्हणून आरटीओत तिची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणून लाइफटाइम टॅक्सही नाही. घरी आणली तेव्हा आत्या भलतीच खूष झाली. "टॅक्स वाचला ना रे? मग चांगलीच आहे गाडी!" होळकर दरबारात कारकुनी केलेल्या माझ्या आजोबांची ही लेक. मिळवलेल्या पैशापेक्षा वाचलेला पैसा तिला जास्त प्यारा.

तो वाचलेला टॅक्स आता 'छोटा हाथी' टेम्पोवाल्याच्या खिशात जातो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ सांगतं की बिननोंदणीचं वाहन सार्वजनिक जागी चालवायचं नाही. पहिल्यांदा सापडलात तर २ ते ५ हजार दंड. आता सार्वजनिक जागा म्हणजे कुठली? तर रस्ता, गल्ली, किंवा लोकांना जायचा हक्क असलेली कुठलीही जागा. थोडक्यात, जिथे मला जायचा हक्क आहे तिथे बाइक न्यायची नाही, आणि जिथे बाइक चालेल तिथे जायचा मला हक्क नाही. इतकं चोख कुंपण आमच्या रामबागेत कुणी बंगल्यालाही घातलेलं नाही.

म्हणून सुट्टीच्या दिवशी छोटा हाथी बोलवायचा, फळी लावायची, धक्का मारून बाइक वर चढवायची, दोऱ्या आवळायच्या. विसर्जनाला निघालेल्या गणपतीसारखी ती मागे उभी, आणि हेल्मेट मांडीवर घेऊन मी ड्रायव्हरशेजारी.

"चलती नहीं क्या?" ड्रायव्हरने विचारलंच.

"चलती है."

"फिर?"

या 'फिर'ला उत्तर नाही. सिग्नलवर शेजारचा स्कूटरवाला काच ठोठावून हळहळतो, "इंजन सीज़ हो गया क्या भिया?" आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिकचा नंबर देतो. महामार्गावर दुचाकीला टोल माफ असतो. दुचाकी टेम्पोत बसून आली की टोल लागतो.

बरं, एवढं करून जायचं कुठे? महूच्या बाजूला गेलं की लष्कराच्या पाट्या सुरू होतात, आणि फायरिंग रेंज हे शब्द वाचल्यावर हौस आपोआप आवरते. चोरलकडे वनखातं. राळामंडळला होळकरांची शिकारकोठी होती, आता अभयारण्य आहे. तिथली बंदी मला मनापासून पटते. आमच्या रविवारापायी बिबट्याची झोप का मोडावी? पण ही बंदी सगळेच पाळतात असं नाही. हक्काची जागा नसली की पोरं मिळेल त्या ओढ्यात घुसतात. खाचेदार टायर ओल्या उतारावरची माती उकरतात, त्या चाकोऱ्यांतून पावसाचं पाणी धावतं आणि दोन-चार पावसाळ्यांत तिथे घळ पडते. नावं मग आम्हा सगळ्यांनाच.

उरलं शेत. पावसाळ्यात माळव्याची काळी माती चाकाला अशी धरते की चाक फिरायचंच थांबतं. सोयाबीन निघाल्यावर आणि गहू-हरभरा पेरण्याआधी जे थोडे दिवस मिळतात, तेवढाच आमचा हंगाम. ओळखीचा एक शेतकरी पडीक तुकडा देतो. त्याचं भाडं रोख. शेजाऱ्याच्या बांधावरून जायचे वेगळे. मागच्या खेपेला त्यात नवं कलम आलं: "भैंस बिदक गई, दूध कम दिया." दूध किती कमी झालं हे म्हशीलाच ठाऊक, पण पैसे मी मोजले. पावती कशाचीच नाही.

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो. तिथे १९७१ पासून असल्या गाड्यांसाठी वेगळा कायदा आहे. ठरावीक शुल्क भरायचं, गाडीवर स्टिकर लावायचं. ते शुल्क आणि इंधनकराचा काही वाटा एका निधीत जातो आणि त्यातून राज्य गाड्या उडवायला मैदानं राखतं. ओशिआनो ड्यून्स नावाच्या जागी तर समुद्राकाठच्या वाळूत. तरी हा फोनवर कुरकुरतो, "शुल्क फार वाढवलंय रे." मी म्हटलं, "पावतीचा फोटो पाठव. देवघराशेजारी लावतो."

कर तसा मीही भरतोच. पेट्रोलच्या दरात रस्त्यांसाठीचा उपकर असतो. म्हणजे जिला रस्त्यावर पाय ठेवायची बंदी, ती माझी बाइक देशाचे रस्ते बांधते आहे! आणि इथून तासाभरावर पिथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्यांच्या चाचण्यांचं केंद्र आहे. ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ साली सुरू झाला. शिवाय गाड्या खिळखिळ्या करून पाहायला मुद्दाम बांधलेले खडबडीत रस्ते. ते मोटार कंपन्यांसाठी. आमच्यासाठी म्हैस.

शेवटी अर्ज लिहिला: गावाबाहेरचं एखादं बंद पडलेलं मुरमाचं खदान आम्हाला नेमून द्यावं, वर्षाचं शुल्क घ्यावं, आवाजाची मर्यादा घालावी. एका कार्यालयातल्या बाबूंनी तो दोनदा वाचला.

"आप पैसा देना चाहते हैं?"

"जी."

"किस मद में लूँ?"

मद, म्हणजे पैसे जमा करायचं खातं, सापडेना. रजिस्टरं उघडली, कपाट उघडलं, चहा झाला. बाबू माणूस चांगला. मला रिकाम्या हाताने पाठवणं त्यांच्या जिवावर आलं. खालच्या खणातून त्यांनी पशुमेळ्याचा जुना फॉर्म काढला. "मैदान तो इसी में मिलता है," म्हणाले आणि स्वतःच भरायला बसले. पशूचा प्रकार: इतर. रंग: हिरवा. शिंगं: मी हँडल म्हणालो, त्यांनी 'दो' लिहिलं.

"दाँत?"

"चेनच्या चाकाचे, स्प्रॉकेटचे, चालतील का?" मी घाईत मराठीतच विचारलं. माळव्यात जन्म गेलेला माणूस, त्यांना कळलं.

"चलेंगे. कितने?"

मला आठवेना. फॉर्मला टाचणी लावून त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. "गिन के लाइए. और सुनिए, आगे-पीछे के अलग-अलग."