टॉमकाकाला लाचार म्हणणाऱ्यांनी कादंबरी उघडून तरी पाहिलीये का?

सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय, 'गुलामगिरीवरच्या जगप्रसिद्ध पुस्तकाचं सत्य' असल्या मथळ्याचा. पुस्तक म्हणजे हॅरिएट बीचर स्टोव यांची 'अंकल टॉम्स केबिन', १८५२ सालची. फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: टॉम हा मालकाचे पाय चाटणारा लाचार माणूस होता आणि पुस्तक गुलामांना गप्प बसायला शिकवतं. मालक लोक गुलामांना घरच्यासारखं सांभाळायचे, बाईंनी तिखटमीठ लावून लिहिलं. बाईंनी गुलामगिरी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. पुस्तक स्वतःच वर्णद्वेषी आहे. आणि वर लिंकनचं एक वाक्य आणि शेवटी महात्मा फुल्यांचं नाव.

एरवी असलं काही मी न वाचता डिलीट करते. पण हा माझ्या भाचीकडे पोचला, आणि अकरावीतल्या पोरीने वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात त्यातले दोन मुद्दे जसेच्या तसे घातले. "मावशी, सगळीकडे हेच लिहिलंय गं," म्हणाली. सगळीकडे जे लिहिलंय ते एकमेकांचं उचलून लिहिलंय, पुस्तक कुणी उघडलेलं नाही.

तर आधी टॉम.

कादंबरी सुरू होते तेव्हा टॉम केंटकीत शेल्बी नावाच्या मालकाकडे आहे. तुमच्या डोळ्यासमोर पांढऱ्या केसांचा, कमरेत वाकलेला म्हातारा येत असेल तर तो नाटकांमधून आलाय. पुस्तकातला टॉम रुंद छातीचा, दणकट, बायको आणि लहान लहान पोरं असलेला कर्ता माणूस आहे. शेल्बी कर्जात बुडतो आणि टॉमला आणि एलायझा नावाच्या बाईच्या छोट्या मुलाला, हॅरीला, एका दलालाला विकून टाकतो. त्याच रात्री एलायझा पोराला घेऊन पळते, जाता जाता टॉमच्या घराशी थांबून सांगते की तुझाही सौदा झालाय. बायको क्लोई म्हणते, तूही निघ. तेव्हा टॉम काय म्हणतो? एलायझाला जाऊ दे, तो तिचा हक्क आहे, पण मी गेलो तर इथली सगळी माणसं विकली जातील, त्यापेक्षा मला एकट्याला विकू दे. ह्याला लाचारी म्हणायची?

पुढे तो लुइझियानात सायमन लेग्रीच्या कापसाच्या मळ्यावर जातो. लेग्रीला त्याला मुकादम करायचंय, म्हणजे बाकीच्या गुलामांवर चाबूक चालवणारा माणूस. मळ्यावर लूसी नावाची एक आजारी बाई आहे, तिचा कापूस कमी भरतो म्हणून टॉम आपला कापूस गुपचूप तिच्या पोत्यात टाकतो. लेग्री संध्याकाळी टॉमला म्हणतो, हिला फटके मार, तुला सवय व्हायला पाहिजे. टॉम नाही म्हणतो. लेग्री चिडून विचारतो, बाराशे डॉलर रोख मोजलेत ना मी, शरीर आणि आत्मा सगळं माझं नाही का? आणि टॉमचं उत्तर असं की आत्मा तुमचा नाही मालक, तो तुम्ही विकत घेतलेला नाही, घेऊच शकत नाही. पाय चाटणारा माणूस असं बोलतो?

आणि शेवट तर कुणी वाचलेलाच दिसत नाही. कॅसी आणि एमेलिन या दोन बाया लेग्रीच्या तावडीतून सुटायला घराच्या माळ्यावर लपतात. लेग्री त्यांना दलदलीत शोधत फिरतो. त्या कुठे आहेत हे टॉमला माहीत आहे, आणि मला माहीत नाही असं खोटंसुद्धा तो बोलत नाही. "माहीत आहे मालक, पण मी काही सांगू शकत नाही, मरू शकतो," असं तो लेग्रीच्या तोंडावर म्हणतो. मग त्याला मरेपर्यंत मारलं जातं, आणि त्या दोघी सुटतात. दोन बायकांचा ठावठिकाणा सांगण्यापेक्षा जीव दिलेल्या माणसाला लाचार म्हणताना लिहिणाऱ्याला काहीच कसं वाटलं नाही?

हां, एक आहे. टॉम मालकावर हात उचलत नाही. झोपलेल्या लेग्रीला कुऱ्हाडीने संपव असं कॅसी त्याला सांगते तेव्हा तो नकार देतो, कारण त्याच्या श्रद्धेत ते बसत नाही. या गोष्टीवर वाद घालायला पुष्कळ जागा आहे आणि लोकांनी घातलाय. पण हात न उचलणं वेगळं आणि मालकाला सामील होणं वेगळं, फॉरवर्डने दोन्ही एकच करून टाकलंय.

आता 'पुस्तक गुलामांना गप्प बसायला शिकवतं' यावर माझं एकच उत्तर आहे, मेरीलँडचे सॅम्युएल ग्रीन. हे स्वतंत्र कृष्णवर्णीय धर्मोपदेशक होते, मुलगा गुलामगिरीतून पळून कॅनडाला गेला होता. १८५७ साली त्यांच्या घराची झडती झाली, त्यात कॅनडाचा नकाशा, रेल्वेची वेळापत्रकं, मुलाचं पत्र आणि ही कादंबरी मिळाली. नकाशा आणि पत्रांवरून काही सिद्ध झालं नाही, शिक्षा झाली ती कादंबरी घरात बाळगल्याबद्दल, दहा वर्षं तुरुंगवास! १८६२ मध्ये सुटले तेही राज्य सोडून जायच्या अटीवर. पुस्तक जर गुलामांना मालकाची सेवा करा म्हणून शिकवत असतं तर मालकांनी ते फुकट वाटलं असतं, वाचणाऱ्याला दहा वर्षं आत कशाला टाकलं असतं?

मग लाचार टॉम आला कुठून, तर स्टेजवरून. तेव्हाच्या कायद्यात कादंबरीवर नाटक करायला लेखिकेची परवानगी लागत नव्हती, त्यामुळे ज्याला वाटेल त्याने नाटक काढलं, गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून टॉम केला, हळूहळू तो म्हातारा झाला, मवाळ झाला, हसण्यावारी नेला गेला, आणि हे खेळ पिढ्यानपिढ्या चालले. त्यांचा राग पुस्तकावर काढला जातोय.

दुसरा मुद्दा मालकांचा, आणि माझं डोकं फिरलं ते यावर. फॉरवर्डचं वाक्य असं आहे: 'खाणंपिणं, कपडालत्ता, म्हातारपणी आसरा, आजच्या मजुरापेक्षा ते बरे होते.' हे वाक्य एका सोळा वर्षांच्या मुलीच्या भाषणात होतं आणि ती ते स्टेजवरून म्हणणार होती.

या कादंबरीतले निम्मे मालक चांगलेच आहेत, तोच तर तिचा गाभा आहे. शेल्बी दयाळू आहे, टॉमवर त्याचा इतका विश्वास की सगळं शेत त्याच्यावर सोपवलेलं. कर्ज झालं आणि विकला. न्यू ऑर्लिन्सचा सेंट क्लेअर त्याहून चांगला, सुसंस्कृत, गुलामगिरी वाईट आहे हे त्याला कळतं, मुलगी ईव्हा गेल्यावर तो टॉमला मुक्त करायचं वचन देतो. कागद पुरे व्हायच्या आत एका भांडणात मध्ये पडतो, सुऱ्याचा वार लागतो आणि मरतो. त्याच्या बायकोने टॉमला लिलावात उभं केलं. म्हणजे मालक कितीही देवमाणूस असो, त्याचं कर्ज, त्याचं मरण, त्याच्या बायकोचा स्वभाव, यातल्या कशानेही दुसऱ्या दिवशी तुमचं पोर विकलं जाऊ शकतं. घरच्यासारखं म्हणता, तर घरातल्या कुणाला कर्ज फेडायला विकलंय का तुम्ही?

आणि कादंबरी सोडा. थिओडोर वेल्ड नावाच्या कार्यकर्त्याने १८३९ मध्ये एक पुस्तक काढलं, 'अमेरिकन स्लेव्हरी ॲज इट इज'. त्याची बायको अँजेलिना आणि मेहुणी सारा ग्रिमके या दोघी दक्षिणेतल्या गुलाममालकाच्या घरातल्या मुली, त्यांनी दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांचे ढीग चाळून कात्रणं काढली. ती गुलामगिरीच्या विरोधकांची नव्हती, मालकांनी स्वतः पैसे भरून छापलेल्या जाहिराती होत्या, पळालेला माणूस ओळखू यावा म्हणून खुणा दिलेल्या. कुणाचा कान कापलेला, कुणाच्या पाठीवर चाबकाचे वण, कुणाच्या पायात अजून बेडी. त्यातली एक नॉर्थ कॅरोलायनातली, १८३८ ची, मायकाजा रिक्स नावाच्या मालकाची. एक बाई दोन मुलांना घेऊन पळालीये, आणि खूण म्हणून तो लिहितो की ती जायच्या काही दिवस आधी मी तिच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला तापलेल्या लोखंडाने डागलं, 'एम' अक्षर काढायचा प्रयत्न केला होता. खाली स्वतःचं नाव. लाज नाही, लपवाछपवी नाही, कारण आपण काही चुकीचं केलं असं त्याला वाटतच नव्हतं आणि छापणाऱ्यालाही वाटलं नाही. चार्ल्स डिकन्सनेही आपल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात ही जाहिरात दिलीये. स्टोवबाईंनी वेल्डच्या याच पुस्तकाचा आधार घेतला, मग तिखटमीठ नक्की कुणी लावलं?

आता कुणीतरी म्हणणार की असे एकदोन राक्षस सगळीकडे असतात. तर कायदा बघा. १८२९, नॉर्थ कॅरोलायनाच्या सुप्रीम कोर्टातला स्टेट विरुद्ध मान हा खटला. जॉन मानने लिडिया नावाची गुलाम बाई भाड्याने घेतली होती (हो, माणसं भाड्यानेही मिळायची), तो तिला मारत होता, ती पळाली, त्याने मागून गोळी घातली. खालच्या कोर्टाने त्याला दोषी धरलं होतं, वरच्या कोर्टाने सोडलं. न्यायाधीश थॉमस रफिनने निकालात स्वच्छ लिहिलं की गुलामाने पुरतं शरण यावं यासाठी मालकाची सत्ता अमर्याद असायलाच हवी. शिवाय दक्षिणेत गोऱ्याविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष कोर्टात चालत नव्हती. टॉम मेल्यावर शेल्बीचा मुलगा जॉर्ज लेग्रीला खुनी म्हणतो तेव्हा लेग्री हसून विचारतो, साक्षीदार कुठून आणणार? मळ्यावर दुसरा गोरा माणूसच नव्हता. हे बाईंनी मनाने रचलेलं नाही, हा तिथला कायदा होता. १८६० च्या जनगणनेत जवळजवळ ४० लाख माणसं या कायद्याखाली होती.

'बाईंनी काही पाहिलंच नव्हतं' यात अर्धं खरं आहे, ते मान्य करून टाकते. लुइझियानाचे कापसाचे मळे त्यांनी पाहिले नव्हते. म्हणून तर १८५१ मध्ये कादंबरी मालिकेसारखी हप्त्याहप्त्याने वर्तमानपत्रात येत असतानाच त्यांनी स्वतः गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लस यांना पत्र लिहून कापसाच्या मळ्यावरच्या कामाची माहिती मागितली. पण १८३२ ते १८५० बाई सिनसिनाटीत राहत होत्या, ओहायो नदीच्या अलीकडे, पलीकडे केंटकी म्हणजे गुलामगिरीचं राज्य. नदी ओलांडून पळालेली माणसं त्यांच्या गावात येत होती, घरात कामाला होती, त्यातल्या एकीला पकडायला माणसं येणार असं कळल्यावर त्यांच्या नवऱ्याने आणि भावाने रातोरात गाडीतून पुढच्या ठिकाणी पोचवलं. १८४९ मध्ये त्यांचं दीड वर्षाचं बाळ कॉलऱ्याने गेलं, आणि गुलाम आईचं पोर हिरावून नेतात तेव्हा तिला काय होत असेल ते मला त्या बाळाच्या मरणशय्येपाशी कळलं असं त्यांनी पत्रात लिहून ठेवलंय. पुढच्याच वर्षी कायदा आला की पळालेल्या गुलामाला गुलामगिरी नसलेल्या उत्तरेतल्या लोकांनीही पकडून द्यायचं, मदत केली तर दंड आणि तुरुंग. त्यातून हे पुस्तक आलंय. आणि तेव्हाही 'सगळं खोटं आहे' अशी ओरड झालीच होती, तर १८५३ मध्ये बाईंनी नुसत्या पुराव्यांचं एक वेगळं जाडजूड पुस्तक छापलं, त्यात वर सांगितलेला रफिनचा निकालही आहे. फॉरवर्डवाल्यांना उत्तर मिळून पावणेदोनशे वर्षं होत आली.

वर्णद्वेषाचा आक्षेप मात्र पूर्ण झटकता येत नाही, नाइलाजाने का होईना मानावंच लागतं. आफ्रिकी माणसं स्वभावानेच मऊ, भोळी, लेकरासारखी असं बाई मध्येच सरसकट लिहून जातात आणि आज ते वाचताना त्रास होतो. पळून जाणारे एलायझाचा नवरा जॉर्ज हॅरिस, एलायझा, कॅसी हे सगळे उजळ वर्णाचे, मिश्र रक्ताचे, आणि सोसणारा टॉम काळा. शेवटी हॅरिस कुटुंबाला लायबेरियाला धाडून दिलंय, जणू अमेरिकेत त्यांना जागाच नाही, यावर त्याच काळातल्या कृष्णवर्णीय नेत्यांनी टीका केली होती. १९४९ मध्ये कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविनने तर या कादंबरीची सालपटं काढली. पण बाल्डविनने ती वाचून, माणसाला पूर्ण माणूस म्हणून दाखवलं नाही म्हणून सुनावलं. फॉरवर्डवाला तोच आक्षेप उचलून मालकांना चांगलं ठरवायला वापरतो. आणि उत्तरेतल्या गोऱ्यांचा दुटप्पीपणा या पुस्तकानेच उघडा पाडलाय, सेंट क्लेअरची उत्तरेतून आलेली चुलत बहीण ओफेलिया गुलामगिरीच्या विरोधात बोलते पण काळ्या पोरीला हात लावायला तिला किळस येते, आणि लेग्री स्वतः न्यू इंग्लंडचा, म्हणजे उत्तरेतलाच.

लिंकनने बाईंना 'हे मोठं युद्ध सुरू करणारं पुस्तक लिहिणारी छोटी बाई' म्हटलं, हे वाक्य लिंकन गेल्यावर तीसेक वर्षांनी पहिल्यांदा छापून आलं. १८६२ मध्ये भेट झाली होती, बोलणं काय झालं त्याची तेव्हाची नोंद नाही. तेव्हा ते वाक्य भाषणात नको. पहिल्या वर्षात अमेरिकेत ३ लाख प्रती खपल्या एवढं सांगितलं तरी पुरे.

आणि फुले. फॉरवर्ड म्हणतो की 'या खोट्या कादंबरीला भुलून' जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकन लोकांना अर्पण केलं. अर्पणपत्रिकेत या कादंबरीचं नावही नाही. तिथे जोतिराव अमेरिकेतल्या त्या लोकांचं कौतुक करतात ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी निःस्वार्थपणे स्वतःला झोकून दिलं, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा लिहितात. अमेरिकेत युद्ध होऊन १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद झालेली होती, सगळ्या जगाला माहीत होतं, त्यासाठी जोतिरावांना कुठल्या कादंबरीला भुलायची गरज नव्हती. अर्पणपत्रिका चार ओळींची आहे, फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तीही वाचलेली नाही.