‘नुसतं चेक करून निघून गेले’ या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार साहेब. एक स्टार दिलात, हरकत नाही. पण इंदूरच्या सियागंज बाजारातले निम्मे व्यापारी असलं वाचूनच कुणाला बोलवायचं ते ठरवतात, म्हणून उत्तर इथेच देतो. तुमचं म्हणणं असं की तुमचा डेटा सांभाळणारं पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर आवृत्ती ११ वरून १८ वर न्यायचं काम दिलं, आमच्या मुलाने दुपारभर नुसतं ‘चेक’ चालवलं, दुकान ठप्प केलं, अपग्रेड केलंच नाही आणि वर पैसे घेतले. तुमचा भाचा म्हणतो, एका कमांडचं काम आहे.

भाचा बरोबर बोलतो. जुन्या आवृत्तीतला डेटा नव्या आवृत्तीत नेणारी पीजी-अपग्रेड ही एकच कमांड आहे. अपग्रेडला काही अडतंय का ते बघायला आधी तीच ‘चेक’ लावून चालवतात, कारण त्यात डेटाला हात लागत नाही आणि जुना सर्व्हर चालू असतानाही ती चालते. दुकान ठप्प झालं हे म्हणूनच पटत नाही. त्या दुपारची बिलं उघडून वेळा बघा.

पहिली अडचण किरकोळ निघाली. १८ मध्ये नव्या क्लस्टरला, म्हणजे डेटा ठेवायच्या नव्या जागेला, चेकसम (डेटा खराब झाला तर पकडणारे आकडे) आपोआप चालू असतात, तुमच्या जुन्यात बंद होते; दोन्हीकडे सारखं लागतं. नवा क्लस्टर चेकसमशिवाय परत बनवला, मिटलं.

खरी गोम पुढे होती. स्क्रीनवर ‘ओके, ओके’ उतरत आलं आणि एका ओळीशी येऊन अडलं. टूलने एक फाइल टाकली, तिच्यात तुमच्या टेबलांची नावं: खरेदीच्या नोंदी आणि स्कॅन केलेली बिलं. ही टेबलं ‘विथ ओआयडीज’ बनवलेली आहेत. म्हणजे प्रत्येक ओळीला पोस्टग्रेसने दिलेला एक लपलेला नंबर असतो, साध्या सिलेक्टमध्ये तो दिसतही नाही. ही सोय २०१९ साली आवृत्ती १२ मध्ये काढून टाकली. तो कॉलम काढा, असं टूल स्वतःच सुचवतं, आणि तेही एका ओळीचंच काम. पण कुठल्या खरेदीचं कुठलं स्कॅन, हे तुमचं सॉफ्टवेअर त्याच नंबरावरून जुळवतं. आमच्या मुलाने क्वेरींचा लॉग, म्हणजे सॉफ्टवेअर डेटाबेसला काय काय विचारतं त्याची नोंद, काढला तेव्हा हे कळलं. टूल फक्त डेटाबेस बघतं, त्यावर चालणारं सॉफ्टवेअर नाही. कॉलम उडवला असता तर चेक पास झाला असता, अपग्रेडही झालं असतं, आणि जीएसटीच्या वेळी तुम्ही खरेदीची बिलं शोधत बसला असता.

फोनवर तुम्ही म्हणालात, ‘फोर्स करून टाका.’ तसा पर्यायच त्यात नाही. असता तरी मी लावला नसता.

तपासणीची फी कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहिली होती, ती परत मिळणार नाही. टेबलांची यादी तुमच्या व्हॉट्सॲपवर आहे. काम दुसऱ्या कुणाला दिलंत तरी तीच लागेल.

मात्र फार लांबवू नका. ११ ला नोव्हेंबर २०२३ पासून सिक्युरिटीची दुरुस्तीही येत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी ते नंबर साध्या कॉलममध्ये उतरवून घ्यायचे आणि प्रोग्रॅममध्ये तेवढा बदल करायचा. मग रविवारी दुकान बंद असताना आम्ही येतो. कॉपी मोडनेच करू, म्हणजे डेटाची वेगळी प्रत बनवून; डिस्कवर तेवढी जागा मोकळी ठेवा. लिंक मोडने, म्हणजे प्रत न बनवता जुन्याच फाइली वापरून, लवकर होतं खरं, पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुन्यावर परतता येत नाही. दुसऱ्यांदा चेक करण्याचे पैसे घेणार नाही. आणि ते सॉफ्टवेअरवाले तुमचा फोन उचलत नसतील तर त्यांचा नंबर मला पाठवा, मी बोलतो.