टॉस हरला म्हणून क्वार्टरबॅक वाईट?

काल जेवताना मुलाशी परत तोच वाद झाला, अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (पास टाकून टीमचं आक्रमण चालवणारा खेळाडू) किती मॅचेस जिंकला यावरून जोखायचा का, भाजी गार झाली आणि बायको वैतागून उठून गेली. पोरगा १४ वर्षांचा, जन्म इथलाच ओहायोतला, त्याचं म्हणणं एकदम सरळ आहे. बाबा, रिंग्ज (सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकल्यावर मिळणाऱ्या अंगठ्या) मोज आणि विषय संपव, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीकडे सात आहेत म्हणून ब्रेडी सगळ्यात भारी.

मी म्हटलं मग ट्रेंट डिल्फर डॅन मरिनोपेक्षा भारी का रे? तर डिल्फर कोण हेच साहेबांना माहीत नाही! अरे २००० च्या सीझनमध्ये रेव्हन्सने सुपर बोल जिंकला तेव्हा क्वार्टरबॅक हाच होता, फायनलमध्ये २५ पैकी १२ पास पूर्ण, त्यातून टीम १५३ यार्ड पुढे, बास. मॅचेस जिंकवल्या त्या डिफेन्सने, अख्ख्या सीझनच्या १६ मॅचमध्ये मिळून फक्त १६५ पॉइंट दिले होते त्यांनी. आणि रिंग जिंकून देणाऱ्या या क्वार्टरबॅकला टीमने पुढच्या वर्षी ठेवलंच नाही, म्हणजे विन कोणामुळे आले ते त्यांनाही कळत होतं ना. तिकडे मरिनो १९८४ ला ५०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) मारून बसलाय, १७ सीझन खेळला आणि सुपर बोल एकच, तोही हरला.

बरं ब्रेडीचंच घेऊ, पोराचा देव. २०१८ च्या फेब्रुवारीत ईगल्सविरुद्ध ५०५ यार्ड, ३ टचडाउन, एकही इंटरसेप्शन (पास समोरच्या टीमने पकडणं) नाही, शेवटी एक फंबल झाला, हातातला बॉल सुटला, ते मान्य, पण ४१-३३ हरला. पुढच्याच वर्षी रॅम्सविरुद्ध २६२ यार्ड, टचडाउन पास शून्य, वर एक इंटरसेप्शन, आणि १३-३ जिंकला. आता सांगा कुठल्या दिवशी तो चांगला खेळला? रिंग मात्र दुसऱ्या दिवसाची मिळाली.

पण माझं डोकं खऱ्या अर्थाने फिरलं ते २३ जानेवारी २०२२ ला, बिल्स विरुद्ध चीफ्स. मी काही बिल्सचा फॅन नाही, पण त्या रात्री सोफ्यावर बसवत नव्हतं. बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश अॅलनने ३२९ यार्ड आणि ४ टचडाउन मारून टीमला ३६-३३ पुढे नेलं आणि राहिले फक्त १३ सेकंद. तेरा! तेवढ्यात चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्सने दोन पास टाकले, किकरने ४९ यार्डांवरून फील्ड गोल (लाथेने बॉल खांबांमधून मारून ३ पॉइंट) मारला, मॅच टाय. ओव्हरटाइमच्या टॉसला अॅलन टेल्स म्हणाला, पडलं हेड्स, म्हणजे बॉल आधी चीफ्सकडे, चीफ्सने पहिल्याच फटक्यात टचडाउन केला आणि तेव्हाच्या नियमाने खेळ खल्लास. अॅलनच्या हातात ओव्हरटाइममध्ये बॉल आलाच नाही हो, बाजूला उभा राहून नुसता बघत होता बिचारा, आणि रेकॉर्डमध्ये त्याच्या नावापुढे काय, तर लॉस. दोन महिन्यांत लीगने प्लेऑफचा (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांचा) हा नियम बदलला पण तो लॉस काही पुसला नाही.

आपल्याला हे नवीन आहे का? १९९९ ची चेन्नई आठवा, पाठ धरलेली असताना सचिनचे १३६, तो आउट झाला तेव्हा १७ रन हवे होते, उरलेल्या तीन विकेट ४ रनांत गेल्या आणि १२ रननी हरलो. तरी आमच्या कट्ट्यावर एकजण अजून म्हणतो, सचिन खेळला की इंडिया हरते. त्याला काय सांगणार, कप्पाळ?

आता आकडे म्हणजे देववाणी असंही नाही हं. दोन यार्डांचा पास टाकला आणि रिसीव्हर पुढे ७० यार्ड पळाला तर यार्ड सगळे क्वार्टरबॅकच्या खात्यात, आणि रिसीव्हरच्या हातातून निसटून बॉल समोरच्याने पकडला तर ते पापही त्याच्याच माथी. थर्ड डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, १० यार्ड हवे असताना ३ यार्डांचा पास पूर्ण केला तरी कम्प्लीशन परसेंटेज (पूर्ण झालेल्या पासांची टक्केवारी) वाढतं! पासर रेटिंगमध्ये (पासांच्या आकड्यांवरून क्वार्टरबॅकला दिलेला गुण) तर सॅक (पास टाकण्याआधीच त्याला पाडणं) धरतच नाहीत, पळून काढलेले यार्डही नाहीत, मग अॅलनसारख्याचं निम्मं काम गेलंच ना हिशोबातून. म्हणून मला ते एक्सपेक्टेड पॉइंट्सवालं गणित पटतं, कुठला डाउन, किती यार्ड बाकी, कुठे उभे होतो, आणि या एका प्लेने टीमचा किती फायदा झाला. पण निदान हे आकडे त्या माणसाने काय केलं ते तरी विचारतात, विन-लॉस तेवढंही विचारत नाही, डिफेन्स खेळत असताना हा बेंचवर पाणी पीत असतो तेसुद्धा त्याच्याच नावावर.

आमच्या सिनसिनाटीचंच बघा, २०२४ ला बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो पासचे यार्ड आणि टचडाउन दोन्हीत लीगमध्ये पहिला, ४९१८ आणि ४३, आणि बेंगल्स ९-८, प्लेऑफ नाही. पोराला हेच ऐकवलं, तर म्हणतो कसा, बघ बाबा, मी म्हटलं होतं ना, नऊच जिंकला.

आणि हे बोलताना अंगात जर्सी बरोचीच!