घरी पोचवलं म्हणजे झालं, असं नाही

घर सोडून पळालेल्या मुलाबद्दलचा लेख मनापासून आवडला. कल्याण स्टेशनवर सापडलेला तो मुलगा आईवडिलांकडे परत गेला, हे वाचून बरं वाटलं. पण लेख तिथेच थांबला, याची हुरहुर लागली.

मूल घर सोडतं तेव्हा मागे काहीतरी असतंच: बापाची दारू, रोजची मारहाण, नापास झाल्याची भीती, कधी नुसतंच मुंबईचं आकर्षण. यातलं नेमकं काय घडलं हे न विचारता त्याला गाडीत बसवून दिलं, तर ते पुढच्या स्टेशनवर उतरतं. म्हणूनच 2015 च्या बाल न्याय कायद्याने मुलाला 24 तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) बालकल्याण समितीसमोर उभं करायला सांगितलंय. समिती घरची चौकशी करून घेते, मुलाचंही ऐकते. घर सुरक्षित नसेल तर त्याला लगेच परत पाठवायची सक्ती नाही. या चौकशीला वेळ लागतो आणि लोक वैतागतात. लागू दे वेळ!

आणखी एक कळकळीची विनंती. असं मूल दिसलं की त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. कायद्याच्या कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि ज्याच्या भीतीने ते पळालं त्याच्याच हाती तो फोटो पडू शकतो. मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनला फोन करा किंवा फलाटावरच्या रेल्वे पोलिसांना गाठा. ते येईपर्यंत मुलाजवळ थांबा, खायला द्या, पण प्रश्नांचा भडिमार करू नका.

लेखकाला विचारावंसं वाटतं: घरी गेल्यावर त्या मुलाची शाळा परत सुरू झाली का? कुणी जाऊन पाहिलंय का?